एकाचं पोट लाल, दुसऱ्याचं पिवळं: फायर-बेलीड टोडचे रंग ठरतात कसे?

फायर-बेलीड टोड हा हौसेनं पाळला जाणारा एक छोटा, भडक पोटाचा बेडूक. इंटरनेटवर त्याचे फोटो शोधून बघा. एकात पाठ पोपटी हिरवी आणि पोट शेंदरी लाल, दुसऱ्यात पाठ मातकट तपकिरी आणि पोट फिकट पिवळं, तिसऱ्यात पाठ चक्क निळसर. नाव मात्र तिन्हींचं एकच. त्यात विक्रेते यातल्याच एखाद्याला ‘दुर्मिळ रंग’ म्हणून जास्त किंमत लावतात. हिरवा बेडूक हौसेनं आणलेल्या माणसाला तो आठवड्याभरात तपकिरी झालेला दिसतो, आणि आजारी पडला की काय म्हणून त्याच्या पोटात गोळा येतो.

यातला बहुतेक गोंधळ ‘रंग’ ही एकच गोष्ट धरल्यामुळे होतो. या बेडकाच्या अंगावर तीन वेगवेगळे हिशेब चालू असतात. पाठीचा रंग बराचसा आजच्या परिस्थितीवर ठरतो. पोटाची लाली वाढत्या वयात काय खायला मिळालं यावर ठरते. आणि पोटावरची काळी नक्षी त्या एका बेडकापुरती असते, आयुष्यभर जवळपास तशीच राहते. समोरच्या फोटोत यातलं नेमकं काय वेगळं दिसतंय हे आधी ओळखलं, तर पुढचं समजायला सोपं जातं.

## हे बेडूक कोणते?

फायर-बेलीड टोड ही एकच जात नाही. बॉम्बिना वंशातल्या मोजक्या जातींना मिळून हे नाव वापरतात. पाळण्यासाठी जो विकला जातो तो बहुतेक वेळा बॉम्बिना ओरिएंटॅलिस असतो. त्याचं मूळ घर कोरिया, ईशान्य चीन आणि त्याला लागून असलेला रशियाचा प्रिमोर्ये प्रदेश. लांबी साधारण 4 ते 5 सेंटीमीटर, पाठीवर बारीक पुळ्या, डोळ्याची बाहुली त्रिकोणी.

युरोपात दोन जाती महत्त्वाच्या. सखल मैदानांतल्या तळ्यांमध्ये राहणारा बॉम्बिना बॉम्बिना, आणि डोंगराळ भागातल्या डबक्यांमध्ये, अगदी चाकोरीत साचलेल्या पाण्यातही अंडी घालणारा बॉम्बिना व्हेरिगाटा. व्हेरिगाटाचं पोट लाल नसून पिवळं असतं, म्हणून त्याला यलो-बेलीड म्हणतात. नैऋत्य चीनमधला बॉम्बिना मॅक्सिमा या सगळ्यांत थोराड.

म्हणजे पोट पिवळं दिसलं की पहिला प्रश्न जातीचा. ओरिएंटॅलिसचं पिवळं पोट आणि व्हेरिगाटाचं पिवळं पोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हेरिगाटा जन्मजात पिवळा असतो. ओरिएंटॅलिस पिवळा राहिला असेल तर त्यामागे बहुधा आहाराची गोष्ट असते.

## हिरवा रंग त्वचेत नसतोच

बेडकाच्या त्वचेत रंग सांभाळणाऱ्या खास पेशी असतात. शास्त्रीय भाषेत त्या क्रोमॅटोफोर, आपण रंगपेशी म्हणू. त्यांचे तीन प्रकार, आणि पाठीच्या त्वचेत ते एकावर एक रचलेले असतात.

सगळ्यांत खाली काळ्या पेशी. त्यांच्यात मेलॅनिन या काळ्या द्रव्याचे कण असतात, आणि त्यांना वरच्या दिशेनं गेलेल्या फांद्या असतात. मधल्या थरात चकाकत्या पेशी. यांच्यात रंगद्रव्य नसतं, ग्वानिनसारख्या पदार्थाच्या सूक्ष्म चकत्या असतात. त्या प्रकाशातला निळा भाग परत फेकतात, बाकीचा खाली जाऊ देतात, आणि तो खालचं मेलॅनिन गिळून टाकतं. सगळ्यांत वर पिवळ्या पेशी, ज्यांच्यात टेरिडिन आणि कॅरोटिनॉइड नावाची पिवळी ते लाल द्रव्यं साठवलेली असतात. ही तिन्ही पेशींची जोडणी एक एकक म्हणून काम करते हे बॅग्नारा, टेलर आणि हॅडली या संशोधकांनी 1968 मध्ये मांडलं.

आता यात हिरवं द्रव्य कुठेच नाही. मधल्या थरातून निळा प्रकाश येतो आणि वरच्या पिवळ्या थरातून गाळून बाहेर पडताना हिरवा दिसतो. निळ्या दिव्यावर पिवळा जिलेटीन कागद धरावा तसं.

हे पटत नसेल तर संग्रहालयातले बेडूक बघावेत. अल्कोहोलमध्ये ठेवलेला हिरवा बेडूक काही काळानं निळसर किंवा राखाडी पडतो, कारण पिवळी द्रव्यं अल्कोहोलमध्ये विरघळून निघून जातात आणि चकाकत्या पेशींच्या चकत्या मागे उरतात. फायर-बेलीड टोडचं भडक पोटही बाटलीत असंच पांढुरकं होतं. काळे डाग तेवढे टिकून राहतात, कारण मेलॅनिन अल्कोहोलला दाद देत नाही. बाटलीतल्या नमुन्यावरून जिवंत बेडकाचा रंग सांगू नये, असं जाणकार म्हणतात ते यामुळेच.

## मग हिरवा बेडूक तपकिरी कसा होतो?

काळ्या पेशींच्या त्या फांद्यांमुळे. मेलॅनिनचे कण पेशीच्या मध्यभागी गोळा झालेले असतात तेव्हा चकाकत्या पेशी मोकळ्या राहतात आणि पाठ हिरवी दिसते. तेच कण फांद्यांमध्ये पसरले की ते चकाकत्या पेशींवर पडद्यासारखे येतात. निळा प्रकाश बाहेर पडायचं बंद होतं, वर उरतो पिवळा आणि खाली काळा. डोळ्यांना दिसतो तपकिरी किंवा गडद शेवाळी.

कण पसरायचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटतो. त्या हार्मोनचं नाव एमएसएच. 1916 मध्ये फिलिप स्मिथ आणि बेनेट ॲलन या दोघांनी स्वतंत्रपणे बेडूकमाशांची, म्हणजे टॅडपोलची, ही ग्रंथी काढून पाहिली, तेव्हा ती पिल्लं फिक्कट, रुपेरी झाली. हुकूम देणारं कोणी उरलं नाही, म्हणून काळे कण आकसून बसले.

ग्रंथीला खबर पोचते डोळ्यांमार्फत. वरून येणारा प्रकाश आणि पायाखालच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश यांची तुलना होते. खालची जमीन गडद असेल तर हार्मोन वाढतं आणि बेडूक काळवंडतो. फिकट असेल तर उजळतो. त्यामुळे काळ्या मातीच्या आणि गडद सालींच्या टँकमध्ये ठेवलेला ओरिएंटॅलिस तपकिरी झाला तर त्यात नवल काही नाही. फिकट वाळू आणि भरपूर हिरव्या शेवाळाच्या टँकमध्ये तोच पुन्हा हिरवा दिसू शकतो.

या बदलाचे दोन वेग आहेत. कण पसरणं किंवा आकसणं हे मिनिटांत ते तासांत होतं. पण बेडूक आठवडेच्या आठवडे गडद जमिनीवर राहिला तर काळ्या पेशींची संख्या आणि त्यांतलं मेलॅनिनही वाढतं. असा बदल उलटायलाही आठवडे लागतात. टँकची वाळू बदलून दुसऱ्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ म्हणणारे इथेच फसतात.

जमिनीखेरीज थंडीचाही परिणाम होतो. गारठलेला बेडूक सहसा गडद होतो. या जातीला 18 ते 24 अंश सेल्सियस मानवतं. सकाळी थंड पाण्यात काळपट आणि दुपारी हिरवा दिसणारा बेडूक तब्येतीनं ठणठणीत असू शकतो. हाताळणी, प्रवास, नवी जागा यांच्या ताणानंही पाठ काळवंडते.

प्रत्येक तपकिरी बेडूक मात्र हिरवा होईलच असं नाही. काहींच्या पाठीत चकाकत्या पेशींची रचना मुळातच वेगळी असते आणि ते कोणत्याही जमिनीवर तपकिरीच राहतात. नैसर्गिक वस्तीत हिरवे, तपकिरी आणि दोन्हींचे ठिपके असलेले बेडूक एकाच तळ्यात सापडतात. खरेदीआधी विक्रेत्याच्या गडद डब्यातला रंग बघून निर्णय घेण्यात म्हणूनच अर्थ नाही. फिकट जमिनीवर दोन-तीन आठवडे राहिल्यावर दिसेल तो रंग त्याच्या मूळ कुवतीच्या जवळचा.

## पोटाची लाली बाहेरून येते

पोटाकडे वळलं की नियम बदलतात. पोटाच्या त्वचेत पार्श्वभूमीशी जुळवून घ्यायची भानगड नाही. तिथल्या लाल-नारिंगी छटेचा मोठा भाग कॅरोटिनॉइडचा असतो, आणि कॅरोटिनॉइड कोणत्याही बेडकाला शरीरात तयार करता येत नाहीत. ते शेवाळ, वनस्पती, काही बुरशी आणि जिवाणू बनवतात. तिथून ते पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवांत, किड्यांत, आणि किडे खाणाऱ्या बेडकात येतात.

निसर्गातल्या तळ्यात ही साखळी आपोआप चालते. बेडूकमासे शेवाळ खरवडतात, पाय फुटलेली पिल्लं तऱ्हेतऱ्हेचे किडे आणि पाण्यातले सूक्ष्म जीव खातात. बंदिस्त जागेत मात्र पिल्लांना बहुधा एकाच प्रकारचे रातकिडे मिळतात, तेही कोंड्यावर वाढवलेले. त्यांत कॅरोटिनॉइड नावालाच. मग वाढ व्यवस्थित होते, वजन भरतं, पोट मात्र पिवळं किंवा फिक्कट नारिंगी राहतं. आई-बाप लालभडक आणि पिल्लं पिवळी, हा ब्रीडर मंडळींना नेहमी येणारा अनुभव आहे. रंग जनुकांत होता. कच्चा माल पोचला नाही.

नुकतंच रूपांतर झालेलं पिल्लू, म्हणजे शेपूट जिरून जमिनीवर आलेलं बेडूक-पिल्लू, पोटाला मळकट पांढरं किंवा फिकट असतं. लाली पुढच्या काही महिन्यांत भरत जाते, आणि आहाराचा सर्वांत जास्त परिणाम होतो तो याच काळात. प्रौढ बेडकाला नंतर रंग देणारं खाणं सुरू केलं तर थोडा फरक पडतो, तोही सावकाश. पिवळ्याचा एकदम शेंदरी होत नाही. उलट बाजूनं, निसर्गातून पकडलेला लाल बेडूक बंदिस्त जागेत साध्या खाण्यावरही वर्षानुवर्षं बराचसा लाल राहतो. कात टाकल्यानं लाली जात नाही, कारण कात वरच्या थराची असते आणि रंगपेशी त्याखालच्या थरात असतात.

## पिल्लांना रंग भरायचा तर कसा?

सुरुवात बेडूकमाशांपासून. त्यांना स्पिरुलिना नावाचं शेवाळ घातलेलं, माशांना घालायचं चुऱ्याचं खाणं आणि टँकच्या काचेवरचं शेवाळ द्यावं. रोज थोडं, तासाभरात संपेल एवढंच. जास्त टाकलं की पाणी नासतं, आणि नासलेल्या पाण्यात रंगाची चिंता करायला पिल्लं उरत नाहीत.

पाय फुटून पिल्लं बाहेर आली की खाण्याचा आकार त्यांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक जीव, बिनपंखी फळमाश्या, अगदी नवजात रातकिडे आणि पाण्यातले डॅफ्निया नावाचे सूक्ष्म जीव चालतात. फळमाश्यांच्या बाबतीत एक सोपी युक्ती आहे. त्यांच्या अळ्या ज्या लगद्यावर वाढतात त्यातच पॅप्रिकाची, म्हणजे लाल गोड मिरचीची, किंवा ॲस्टाझॅन्थिन या लाल कॅरोटिनॉइडची पूड मिसळायची. अळ्या ती खातात, आणि त्यांच्या पोटातून बेडकाच्या पोटात जाते. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जीव मुळातच ॲस्टाझॅन्थिननं भरलेला असतो.

रातकिडे द्यायचे असतील तर ते बेडकाला देण्याआधी 24 ते 48 तास त्यांना गाजर, लाल ढोबळी मिरची, रताळं आणि गडद हिरवी पानं खायला घालावीत. यालाच पाळणारे गट-लोडिंग म्हणतात. इथे वेळ चुकतो. भरलेले किडे टँकमध्ये सोडले आणि बेडकानं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाल्ले, तर किड्याच्या आतड्यातलं गाजर तोवर बाहेर पडलेलं असतं. थोडे किडे सोडावेत, आणि 15 ते 20 मिनिटांत न खाल्लेले काढून घ्यावेत. पिल्लांना रोज खाऊ घालावं. प्रौढांना आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, एका वेळी तीन ते सहा मध्यम रातकिडे.

किड्यांवर भुरभुरायच्या रंगपुडीत कोणतं कॅरोटिनॉइड आहे हेही पाहावं लागतं. कॅन्थाझॅन्थिन आणि ॲस्टाझॅन्थिन ही मुळात लाल द्रव्यं आहेत. बीटा-कॅरोटिन नारिंगी-पिवळं. नुसतं गाजर खाऊ घालून पोट शेंदरी का होत नाही याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. शिवाय ही सगळी द्रव्यं प्रकाश, उष्णता आणि हवेनं खराब होतात. खिडकीत वर्षभर पडलेल्या डबीतली पूड रंगानं फिकी पडलेली असेल तर ती फेकून द्यावी. डबी घट्ट लावून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी आणि उघडल्यावर सहा महिन्यांत संपवावी.

## हे म्हणजे बेडूक रंगवणं नाही का?

हा आक्षेप हमखास येतो. काही शोभेच्या माशांना सुईनं रंग टोचतात, त्या प्रकाराशी याची गल्लत होते. इथे कृत्रिम काही नाही. फ्लेमिंगोचा गुलाबी आणि सामन माशाचा नारिंगी रंग याच द्रव्यांमुळे असतो, आणि प्राणिसंग्रहालयांत फ्लेमिंगोंच्या खाण्यात ती मुद्दाम घालतात. तळ्यात जे आपोआप मिळालं असतं तेवढं भरून काढायचं, इतकंच.

मात्र लाल पोट म्हणजे निरोगी बेडूक हे समीकरण चुकीचं. कॅन्थाझॅन्थिन आणि ॲस्टाझॅन्थिन रंग देतात, व्हिटॅमिन ए चा भरवशाचा स्रोत ती नव्हेत. बंदिस्त बेडकांत व्हिटॅमिन ए कमी पडलं की जिभेचा चिकटपणा जातो, भक्ष्यावर झडप नेमकी पडूनही किडा हातचा सुटतो, आणि बेडूक भरल्या टँकमध्ये खंगत जातो. तेव्हा रंगपुडीबरोबर तयार व्हिटॅमिन ए असलेली पूरक पूडही लागते. तीही रोज नव्हे, कारण व्हिटॅमिन ए शरीरात साठतं आणि जास्त झालं तर विषारी ठरतं. पुडीच्या डबीवर लिहिलेलं प्रमाण पाळावं.

## काळी नक्षी: फोटो काढून ठेवण्यासारखी

लाल-पिवळ्या पोटावर पसरलेले काळे डाग खाण्यावर अवलंबून नसतात, कारण मेलॅनिन शरीर स्वतः बनवतं. पिल्लू वाढत असताना पहिल्या वर्षात नक्षी पक्की होते आणि त्यानंतर फारशी बदलत नाही. दोन बेडकांची नक्षी हुबेहूब सारखी नसते. एकाच अंड्यांच्या पुंजक्यातल्या भावंडांचीही नसते. युरोपात व्हेरिगाटाची संख्या मोजणारे संशोधक म्हणूनच बेडकांना खुणा करत नाहीत. पोटाचा फोटो काढतात, सोडून देतात, आणि पुढच्या खेपेला नक्षी जुळवून तोच बेडूक पुन्हा सापडला का हे ठरवतात.

घरीही हे जमतं. पारदर्शक, सपाट तळाचा छोटा डबा घ्यावा, तळ पाण्यानं ओला करावा, बेडूक ठेवून डबा उचलावा आणि खालून फोटो घ्यावा. फ्लॅश नको, ओल्या त्वचेवर पांढरे डाग उमटतात. चौकटीत पांढऱ्या कागदाचा तुकडा आणि मोजपट्टी ठेवली तर पुढे तुलना करता येते. कागद महत्त्वाचा, कारण पिवळ्या दिव्याखाली फिकट नारिंगी पोटही शेंदरी दिसतं. विक्रीच्या फोटोंमधली निम्मी लाली दिव्याची असते असा माझा दाट संशय आहे.

## जातींच्या सीमेवर काय होतं?

युरोपातल्या दोन जातींचं पोट शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. बॉम्बिना बॉम्बिनाचं पोट काळं, त्यावर सुटे लाल-नारिंगी डाग आणि बारीक पांढरे ठिपके. व्हेरिगाटाचं पोट उलट: पिवळा भाग अर्ध्याहून जास्त, डाग एकमेकांना जोडलेले, छातीपासून दंडापर्यंत सलग, आणि बोटांची टोकंही पिवळी.

मैदान संपून डोंगर सुरू होतो तिथे या दोघांच्या हद्दी भिडतात आणि संकर होतो. कार्पेथियन पर्वताच्या कडेनं असा पट्टा लांबवर गेला आहे. पोलंडमधल्या क्राकूवजवळच्या पट्ट्याचा अभ्यास याचेक शिमुरा आणि निकोलस बार्टन यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केला. पट्टा अवघा 6 किलोमीटरच्या आसपास रुंद निघाला. या पट्ट्यात पोटाचे सगळे मधले नमुने सापडतात: नारिंगी-पिवळे, अर्धवट जोडलेले, एका बाजूला जोडलेले आणि दुसऱ्या बाजूला सुटे.

एवढा संकर चालू असताना दोन्ही जाती एकमेकींत मिसळून का गेल्या नाहीत, हा स्वाभाविक प्रश्न. संकरित पिल्लं सरासरीनं कमी तगतात, आणि दोन्ही जातींच्या गरजा वेगळ्या आहेत. तळ्यातल्या जातीची पिल्लं भक्षकांना तोंड देत वाढतात. डबक्यातल्या जातीच्या पिल्लांना पाणी आटायच्या आत वाढ पुरी करायची असते. दोन्हींचं अर्धं अर्धं घेतलेलं पिल्लू कुठेच नीट बसत नाही. दोन्हींकडून नवे बेडूक येत राहतात आणि मधले गळत राहतात, म्हणून पट्टा अरुंद राहतो.

फोटोवरून जात ओळखणाऱ्यांसाठी यात एक धडा आहे. रंगाची छटा बघून जात सांगू नये. डाग जोडलेले की सुटे, बोटांची टोकं कशी, आणि बेडूक कुठला, हे आधी विचारावं.

## इतका भडक रंग, आणि तोही लपवलेला?

पाठ आसपासच्या जमिनीत मिसळून जाते, त्यामुळे बहुतेक भक्षकांच्या नजरेत बेडूक येतच नाही. आलाच, तर तो पळण्याऐवजी जागीच पाठ आतल्या बाजूला वाकवतो, डोकं आणि मागचा भाग वर उचलतो, हातापायांचे तळवे उलटे करून दाखवतो. हनुवटी, तळवे आणि कडांवरचा लाल रंग एकदम उघडा पडतो. कधी कधी तो पूर्ण उताणाही होतो. या पवित्र्याला उन्केन रिफ्लेक्स म्हणतात.

धमकी पोकळ नसते. त्वचेतल्या ग्रंथींतून पांढरट, जळजळ करणारा स्राव येतो. याच स्रावाच्या अभ्यासातून इटलीच्या व्हित्तोरियो एर्स्पामेर यांच्या गटानं 1971 मध्ये बॉम्बिना बॉम्बिनाच्या त्वचेतून बॉम्बेसिन हे 14 अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी, वेगळं केलं, आणि पुढे त्यावर वैद्यकात भरपूर काम झालं. माणसाला हा स्राव जीवघेणा नाही, पण हात न धुता डोळे चोळले तर चांगलंच झोंबतं. दुसऱ्या जातीचे बेडूक किंवा मासे याच पाण्यात ठेवू नयेत.

मग पिवळ्या पोटाचा बेडूक कमी विषारी का? नाही. स्राव ग्रंथींत बनतो आणि लाली कॅरोटिनॉइडची, दोन्हींचे कारखाने वेगळे. पिवळ्या पोटाचा पाळीव बेडूक हाताळल्यावरही हात धुवायचेच.

## खरे दुर्मिळ रंग कोणते?

बेडकांत रंगपेशींचे खरे जनुकीय बिघाड होतात. पिवळी द्रव्यं बनत किंवा साठत नसतील तर हिरव्याच्या जागी स्वच्छ निळा दिसतो. मेलॅनिन बनत नसेल तर बेडूक पिवळट-गुलाबी होतो आणि काळी नक्षी नाहीशी होते. पण आहारात कॅरोटिनॉइड कमी पडले तरी पाठीचा पिवळा थर पातळ होतो आणि हिरवी पाठ निळसर झाक मारू शकते. ‘टर्कॉइज’ म्हणून विकला जाणारा बेडूक उपाशी रंगपेशींचा असण्याची शक्यता बरीच.

दोन्हींतला फरक तपासता येतो. पाठ निळसर आणि पोट फिकट पिवळं असेल तर आधी आहाराचा संशय घ्यावा, आणि काही महिने चांगलं खाऊ घालून बघावं. पाठ सरसकट निळी, शिवाय त्याच टँकमध्ये त्याच खाण्यावर वाढलेली भावंडं हिरवी आणि लाल असतील, तर जनुकीय कारण संभवतं. पक्कं ठरतं ते पुढच्या पिढीत. विक्रेत्याकडे भावंडांचे फोटो नसतील तर ‘दुर्मिळ’ या शब्दासाठी पैसे मोजू नयेत.

## रंग बदलला, डॉक्टर गाठायचा कधी?

कात टाकण्याआधी एखादा दिवस त्वचा धुरकट दिसते. बेडूक अंग ताणतो, तोंडानं कात ओढून गिळतो, आणि पुन्हा चकचकीत होतो. विणीच्या काळात नराच्या बोटांवर आणि हातांवर खडबडीत काळे पट्टे येतात. ते मादीला धरून ठेवण्यासाठी असतात, हंगाम संपला की फिके पडतात.

मांड्यांच्या आतल्या बाजूला, तळव्यांवर किंवा पोटाच्या खालच्या भागात नव्यानं आलेली लाली मात्र वेगळी. रंगपेशींचा लाल भाग काठाशी स्पष्ट असतो आणि नक्षीत नीट बसतो. आजाराची लाली त्वचेखाली पसरलेल्या रक्ताची असते, कडा विरलेल्या, कधी काळ्या डागांच्या मधूनही दिसणारी. आधीचा पोटाचा फोटो इथे उपयोगी पडतो. सोबत सुस्ती, खाणं बंद, वारंवार कात निघणं किंवा पाण्याबाहेर विचित्र बसणं असेल तर जिवाणूंचा संसर्ग किंवा कायट्रिड ही बेडकांच्या त्वचेला होणारी घातक बुरशी असू शकते. अशा बेडकाला वेगळ्या डब्यात, क्लोरीन काढलेल्या स्वच्छ पाण्यात ठेवावं आणि उभयचरांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठावा.

ही बुरशी लक्षात घेता ‘लाल हवा म्हणून निसर्गातून पकडलेला घ्या’ हा सल्ला टाळलेलाच बरा. कोरियातल्या ओरिएंटॅलिसमध्ये कायट्रिडचा एक जुना आशियाई वंश सापडला आहे, आणि या बेडकांचा व्यापार जगभर चालतो. वरून धडधाकट दिसणारा बेडूक बुरशी सोबत आणू शकतो. बंदिस्त पैदाशीतला फिकट पोटाचा तरुण बेडूक घ्यावा, त्याला वर सांगितल्याप्रमाणे खाऊ घालावं. तो निसर्गातल्याइतका लाल झाला नाही तरी पंधरा वर्षं सहज सोबत करू शकतो. नवा आणलेला कोणताही बेडूक जुन्यांत मिसळण्याआधी निदान सहा ते आठ आठवडे स्वतंत्र टँकमध्ये ठेवावा, आणि त्याच्या टँकचं पाणी नाल्यात, बागेत किंवा तळ्यात न ओतता आधी ब्लीचनं निर्जंतुक करावं.